भाला हातानं नाही, टाचेनं फेकतात

८ ऑगस्ट २०२४. रात्रीचे बारा वाजत आलेले, बाहेर फोंड्याचा पाऊस आणि वीज दोनदा जाऊन आलेली. (ऑगस्टात वीज दोनदाच जाते त्या रात्रीला आमच्याकडे चांगली रात्र म्हणतात.) टीव्हीवर पॅरिस ऑलिम्पिकच्या भालाफेकीची अंतिम फेरी. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला ९२.९७ मीटरवर रुतला तेव्हा माझा भाचा एकदम गप्प झाला. थोड्या वेळानं नीरज चोप्राचा ८९.४५ वर पडला तेव्हा उठून बसला. पुढच्या चारही फेकींना लाल झेंडा, म्हणजे फेक रद्द. पहिल्या फेकीलाही लालच होता.

“मामा, टोकियोला ८७.५८ वर सुवर्ण आणि इथं ८९.४५ वर रौप्य? हे कुठलं गणित?”

मी त्याला “झोप आता, उद्या शाळा आहे” असं सांगून वेळ मारून नेली. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. क्रीडादिनी मैदानावर टेप धरायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. तरी एका वाक्यात उत्तर सुचेना. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत नीरज आठवा आला आणि बाजारात चहा पिताना दोघांकडून ऐकलं, “संपला तो.” तेव्हा ठरवलं, हे एकदा नीट लिहून काढायचं. संपला की नाही हे नंतर. आधी तो नेमकं करतो काय, ते पाहू.

ही परीक्षा नव्हे, भजनी स्पर्धा आहे

भाच्याचा घोळ साधा होता. त्याला वाटत होतं, ठरावीक मीटर पार केले की सुवर्ण मिळतं, जसे पंच्याहत्तर टक्के मिळवले की विशेष श्रेणी. तसं नसतं. भालाफेक आपल्याकडच्या भजनी स्पर्धेसारखी आहे. गेल्या वर्षी तुमचं पथक किती रंगलं होतं याला यंदा किंमत नाही. आज, या मंडपात, समोरच्या पथकांपेक्षा बरं गायलात की नाही एवढंच.

अंतिम फेरीला साधारण बारा जण उतरतात. टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकला प्रत्येकाला तीन फेकी मिळाल्या. त्यातले पहिले आठ राहिले, त्यांना आणखी तीन. सहांतली सर्वांत लांब फेक तेवढी धरतात, बाकीच्या पाच वाया गेल्या तरी चालतं. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत जर्मनीचा योहान्स फेटर त्या वर्षी अनेकदा नव्वदीपार गेलेला होता. त्या संध्याकाळी त्याची सर्वोत्तम फेक ८२.५२ ची, आणि तीन फेकींनंतर तो बाहेर. नीरजला ८७.५८ पुरले. पॅरिसला ८९.४५ पुरले नाहीत, कारण समोर नदीम होता आणि त्यानं ऑलिम्पिकचा विक्रमच मोडला.

याचंच आणखी एक उदाहरण लोक हळहळत सांगतात. २०१६ च्या जुलैत पोलंडमधल्या बिडगोश्च इथं वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत नीरजनं ८६.४८ मीटर फेकून कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम केला. पण रिओ ऑलिम्पिकच्या पात्रतेची मुदत काही दिवसांपूर्वीच संपली होती. रिओत कांस्यपदक गेलं ८५.३८ ला. म्हणजे नीरज तिथं असता तर पदक मिळालं असतं? अजिबात सांगता येत नाही. पोलंडचे मीटर रिओत वटत नाहीत.

चोडणची फेरीबोट

आता मुख्य गोष्ट. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाहून थोडा जड. लांबी २.६ ते २.७ मीटर. पुढं धातूचं टोक, आणि जिथं भाला बोटावर तोलला जातो तिथं दोरीची मूठ. एवढीशी वस्तू नव्वद मीटर लांब पाठवायची तर ती हातातून सुटताना सेकंदाला २८ ते ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगात असावी लागते. फेकणारा धावतो मात्र त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वेगानं. मग उरलेला वेग येतो कुठून?

सगळे म्हणतात, दंडातून. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो.

रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत कधी उभ्यानं गेला असाल तर आठवा. बोट हळूहळू पलीकडे पोचते, आणि तिचं लोखंडी तोंड उताराला टेकतं. बोट थांबते. आपले पाय बोटीबरोबर थांबतात, पण कंबरेपासून वरचं अंग थांबत नाही, ते पुढं झोकलं जातं. सवयीची माणसं रेलिंग धरतात. नवखा पर्यटक समोरच्या स्कूटरवर जाऊन आदळतो. बोट काही जोरात चालली नव्हती. जोर आला तो थांबण्यातून.

भालाफेक म्हणजे हा धक्का मुद्दाम, ठरवून, स्वतःच्या शरीराला देणं. उजव्या हातानं फेकणारा धावत येतो, शेवटच्या काही पावलांत अंग आडवं करतो, भाला मागं नेतो. उजवा पाय टेकतो, आणि मग डावा पाय पुढं, सरळ, गुडघा न वाकवता, टाचेवर आपटतो. याला ते लोक ब्लॉक म्हणतात. आपण ‘रोवलेला पाय’ म्हणू. पाय जागच्या जागी रुतला की धावेचा सगळा वेग वर सरकतो. आधी कंबर पुढं फेकली जाते, मग छाती, मग खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी भाला. आसूड ओढताना मूठ थांबते आणि टोक कडाडतं, तसंच. मांडवीच्या काठावर पाग टाकणारा मासेमार पाहिला असेल तर हा क्रम डोळ्यासमोर येईल. जाळं हातातून सुटण्याच्या कितीतरी आधी त्याची कंबर फिरलेली असते. हातानंच टाकायला गेला तर जाळं उमलत नाही, गोळा होऊन पडतं.

टाच टेकल्यापासून भाला सुटेपर्यंत एका सेकंदाचा सातवा-आठवा भाग जातो, त्याहून जास्त नाही. त्या क्षणात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. गुडघा जरा जरी मोडला तरी फेरीबोट काँक्रीटऐवजी चिखलाला टेकल्यासारखं होतं. थांबते, पण धक्का बसत नाही. भाला पाच-सात मीटर अलीकडे पडतो आणि टीव्हीवर पाहणाऱ्याला कळतही नाही की काय चुकलं, कारण तो हाताकडे पाहत असतो.

हे पटत नसेल तर सुमित अंतिलकडे पाहा. नीरजच्याच हरयाणाचा. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. पॅरालिम्पिकमध्ये त्यानं टोकियो आणि पॅरिस अशी दोन सुवर्णं घेतली, पॅरिसला ७०.५९ मीटर. तो उजव्या हातानं फेकतो, म्हणजे रोवायचा पाय डावा, आणि तो कृत्रिम. ज्या पायावर सगळा खेळ उभा, तोच पाय त्याला बसवून घ्यावा लागतो. हात धडधाकट असून सत्तर मीटर न जाणारे शेकडो आहेत.

“पण पंचेचाळीस अंशात फेकलं तर सर्वांत लांब जातं ना?”

हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि विचारणारा पोरगा बहुधा हुशार असायचा. पुस्तकात तसंच आहे. पण पुस्तकातला दगड हवा नसलेल्या जगात उडतो आणि तो फेकणाऱ्याला कुठल्याही कोनात सारखाच जोर लावता येतो. खऱ्या माणसाचं तसं नसतं. तांदळाचं पोतं जमिनीवरून पुढं ढकलायला सोपं, तेच टेम्पोत वर चढवायला दोघं लागतात. भाला जितका वर फेकाल तितका सुटतानाचा वेग कमी होतो. आणि अंतर सर्वांत जास्त अवलंबून असतं वेगावर. वेग एक टक्का वाढला की अंतर जवळपास दोन टक्के वाढतं. म्हणून चांगले फेकणारे तीस ते छत्तीस अंशांच्या मधे कुठंतरी सोडतात.

त्याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. भाला ज्या दिशेनं चाललाय आणि त्याचं तोंड ज्या दिशेला आहे, त्या दोन्ही रेषा जवळपास एकच हव्यात. पाण्यात वल्हं धारेकडून घातलं तर सुरीसारखं जातं, पसरट बाजूनं घातलं तर होडी अडते. भाल्याचं तोंड वर आणि वाट खाली असेल तर तो हवेला आडवा जातो. प्रेक्षकांना उंच गेलेला भाला पाहून आनंद होतो, टेप धरणारा मात्र आधीच चार पावलं अलीकडे सरकलेला असतो. अनुभवाचे बोल आहेत.

एकानं १०४ मीटर फेकला होता, मग विक्रम ९८ चा कसा?

इथं जरा रेंगाळूया, कारण या खेळातली ही सर्वांत सुरस कथा आहे आणि नीरजशी तिचं नातं आहे.

२० जुलै १९८४ ला बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं भाला फेकला, १०४.८० मीटर. हा आकडा गोव्यातल्या माणसाला समजायला सोपा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याचं फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं. म्हणजे फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानावर एका गोलच्या खांबाशी उभं राहून दुसऱ्या गोलकीपरला भाल्याची चिंता करायला लावण्याजोगी ती फेक. स्टेडियममध्ये भाल्याच्या पलीकडे धावपट्टी असते, तिथं खेळाडू असतात, त्यामागं माणसं. हे असंच वाढत गेलं तर कुणाचा तरी जीव जाणार हे उघड होतं.

दुसरी तक्रार त्याआधीपासूनची. नियम असा की भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे. तेव्हाचे भाले हवेत तरंगायचे आणि सपाट, पोटावर उतरायचे. टोक आधी लागलं की शेपूट, यावर पंच आणि प्रशिक्षक भांडत बसायचे. आमच्या शाळेत हेच व्हायचं. आमच्याकडे बांबूचा भाला होता, लोखंडी टोक बसवलेला. तो पडला की जांभ्या मातीवर घसरत जायचा, धुळीचा पट्टा उठायचा आणि मी टेपचं टोक हातात धरून विचार करत उभा: खूण कुठं करायची? सपाट म्हणून रद्द केली की पोराचं तोंड उतरायचं, धरली की दुसऱ्या हाउसचा कप्तान माझ्या अंगावर यायचा.

मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा तोलबिंदू चार सेंटिमीटर पुढं सरकवला. तोलबिंदू म्हणजे भाला बोटावर आडवा ठेवल्यावर जिथं तो डुगडुगत का होईना पण राहतो ती जागा. चार सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. त्यानं काय होणार?

माडाच्या हिरांची केरसुणी घ्या आणि अंगणात फेका. (घरात कुणी पाहत नसताना.) कशीही फेकली तरी बांधलेला, जड भाग पुढं येतो आणि हिरांचा पसारा मागं राहतो. वारा पसाऱ्याला अडवतो, वजन पुढं खेचतं. भाल्याचं वजन पुढं नेलं की त्याचंही असंच होतं. उडता उडता त्याचं नाक आपोआप खाली झुकतं, तो लवकर उतरतो आणि टोकावर रुततो. तरंगणं कमी, भांडण कमी, अंतरही कमी. नव्या भाल्याचा १९८६ मधला पहिला जागतिक विक्रम क्लाउस टाफेलमायरच्या नावावर लागला तो ८५.७४ चा. एका नियमानं जवळजवळ एकोणीस मीटर पुसले गेले. पुढं काही चतुर कारागिरांनी भाल्याची शेपटी खरखरीत करून वाऱ्याला पुन्हा चकवलं. तेही भाले १९९१ मध्ये बंद झाले आणि त्यांच्यावरचे विक्रम वहीतून गेले.

म्हणून १०४.८० हा आकडा कायमचा गोठलेला आहे. खोटा नाही, पण ज्या वस्तूवर तो झाला ती वस्तूच राहिली नाही. आजचा विक्रम ९८.४८, चेक खेळाडू यान झेलेझ्नीचा, २५ मे १९९६ चा, जर्मनीतल्या येना गावी.

आता नातं. होनला ऑलिम्पिक मिळालंच नाही. १९८४ ला पूर्व जर्मनीनं बहिष्कार टाकला होता, आणि पुढं पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची कारकीर्द लवकरच आटोपली. हाच होन २०१८ मध्ये नीरजचा प्रशिक्षक होता. त्या वर्षी नीरजनं राष्ट्रकुल स्पर्धेत ८६.४७ आणि आशियाई स्पर्धेत ८८.०६ फेकून दोन्ही सुवर्णं आणली. आणि २०२५ च्या हंगामात त्याला शिकवायला आला खुद्द झेलेझ्नी, ज्याचे व्हिडिओ पाहत नीरज लहानपणी फेक शिकला. जुन्या भाल्याचा राजा आणि नव्या भाल्याचा राजा, दोघंही एकाच पोराच्या मागं उभे राहिले. या दोघांच्या मधली वर्षं क्लाउस बार्टोनिएट्झ नावाच्या जर्मन माणसाकडे होती, आणि तो शरीराच्या हालचालींच्या शास्त्रातला जाणकार. टोकियोचं सुवर्ण त्याच्याबरोबरचं.

थांबण्याचं बिल

आपण नीरजची कारकीर्द पदकांनी मोजतो. मला वाटतं ती थांबण्यांनी मोजावी, कारण तो धक्का हवेत विरत नाही, शरीरात साठतो.

२४ डिसेंबर १९९७ चा जन्म, हरयाणातल्या पानिपत जिल्ह्यातलं खंड्रा गाव, शेतकरी घर, एकत्र कुटुंब. पोरगा गुबगुबीत. वजन उतरावं म्हणून घरच्यांनी पानिपतला व्यायामाला धाडला. तिथं शिवाजी स्टेडियममध्ये काही मुलं भाला फेकताना दिसली आणि हा तिथंच रमला. एवढंच. पुढं पंचकुला, मग राष्ट्रीय शिबिर, सैन्यात राजपुताना रायफल्स.

पहिलं बिल आलं कोपराचं. मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष गेलं. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत परतला तो ८७.८६ फेकून, आणि टोकियोचं तिकीट त्याच फेकीत काढलं.

दुसरं बिल जांघेचं, आणि ते सरळ रोवलेल्या पायाचं आहे. पाय जागीच थांबतो, कंबर पुढं सुटते, या दोन्हींच्या मधे जे स्नायू ताणले जातात ते जांघेतले. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत ८८.१३ फेकून रौप्य घेतलं आणि त्याच दुखण्यानं बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा सोडावी लागली. (तिथं नदीमनं ९०.१८ फेकून सुवर्ण नेलं.) २०२३ ला बुडापेस्टमध्ये ८८.१७ फेकून तो जगज्जेता झाला, ॲथलेटिक्समधला भारताचा पहिला. नदीम तिथं ८७.८२ वर दुसरा होता. नीरजचं दुखणं मात्र सोबतच होतं. पॅरिसनंतर त्यानं स्वतःच सांगितलं की फेकताना त्याचं बरंचसं लक्ष त्या दुखापतीकडे असतं. ज्या धक्क्यावर सगळं अवलंबून, तोच धक्का देताना मन कचरतं. फेरीबोटीचा चालक घाबरून इंजिन आधीच बंद करतो तसं.

पॅरिसच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ब्रुसेल्सला डायमंड लीगची अंतिम स्पर्धा होती. डायमंड लीग म्हणजे निवडक शहरांत वर्षभर चालणारी बड्या खेळाडूंची मालिका. सरावात डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना नीरज उतरला आणि ८७.८६ फेकली. ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सची फेक ८७.८७. एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाइतकं.

आणि सप्टेंबर २०२५, टोकियो, तेच मैदान. पाठीचं दुखणं घेऊन उतरला, ८४.०३, आठवा. सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटनं ८८.१६ ला नेलं. आपला सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला, ही बातमी त्या गडबडीत कुणी नीट वाचलीच नाही.

“संपला” म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: जून २०२१ मध्ये फिनलंडला तो तिसरा आला होता. तिथून सप्टेंबर २०२५ च्या टोकियोपर्यंत ज्या ज्या स्पर्धेत उतरला तिथं पहिला किंवा दुसरा. सव्वाचार वर्षं. फेटरचं उदाहरण शेजारी ठेवा. २०२० मध्ये त्यानं ९७.७६ फेकला, झेलेझ्नीच्या पाऊण मीटर अलीकडे, आणि पुढची वर्षं दुखापतींत गेली. पॅरिसला तो दिसलाच नाही.

मग नव्वदीचं एवढं कौतुक कशाला?

कशालाच नाही, असं माझं मत. नव्वद हा गोल आकडा आहे. क्रिकेटमध्ये ९९ आणि १०० मध्ये एकच धाव असते, तसंच हे. २०२२ मध्ये स्टॉकहोमला ८९.९४ झाले, सहा सेंटिमीटर कमी. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं प्रत्येक मुलाखतीत त्याला एकच प्रश्न. १६ मे २०२५ ला दोह्यात ९०.२३ झाले आणि त्या दिवशी तो दुसरा आला, कारण जर्मनीच्या युलियन वेबरनं शेवटच्या फेकीत ९१.०६ केले. दोह्यातल्या त्या ९०.२३ पेक्षा बुडापेस्टचे ८८.१७ मला कितीतरी मोठे वाटतात. भाच्याला पटत नाही. त्याचं वय आकड्यांचं आहे.

“सहांपैकी पाच फाउल? हा तर गलथानपणा!”

पॅरिसनंतर हे बरेच जण म्हणाले. फाउल म्हणजे काय ते आधी. धावपट्टीच्या टोकाला पांढरी वक्र रेषा असते. तिला पाय लागला किंवा ओलांडली की फेक गेली. भाला उतरेपर्यंत पट्टीबाहेर पडायचं नाही, आणि बाहेर जायचं तेही रेषेच्या मागून. भाला ठरलेल्या पाचरीसारख्या भागात पडला पाहिजे.

गोम अशी की अंतर रेषेपासून मोजतात, पायापासून नाही. रोवलेला पाय रेषेच्या दोन मीटर मागं असेल तर ते दोन मीटर फुकट गेले. पाय रेषेच्या जवळ रोवला तर अंतर वाचतं, पण उरलेला वेग जिरवायला जागा राहत नाही. नीरज तर फेकल्यावर पुढं हातांवर पडतो, त्याला जागा जास्त लागते. समोर ९२.९७ असताना मागं जागा सोडून सुरक्षित फेकायचं कशाला? रौप्य हातात आहेच. अशा वेळी फाउल ही चूक कमी आणि जुगार जास्त असतो. शिवाय फेक फसली हे कळल्यावर पुष्कळ जण मुद्दाम रेषा ओलांडतात, लहान आकडा फलकावर नको म्हणून.

गोव्यात का नाही?

हा प्रश्न मला आमच्या पंचायतीतल्या एकानं विचारला आणि उत्तरही त्यानंच दिलं, “आपली माणसं फुटबॉलवाली.” खरं आहे, फुटबॉल आपला राज्य खेळ. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, स्पर्धेचं बोधचिन्ह असलेला ‘मोगा’ नावाचा गवा घराघरांत पोचला, ॲथलेटिक्स बांबोळीला झालं. तरी भाल्याची चर्चा आठवडाभरही टिकली नाही.

लहान राज्य म्हणून होत नाही, हे मात्र ऐकून घेऊ नका. ज्या पीटर्सनं नीरजला एका सेंटिमीटरनं हरवलं, तो दोनदा जगज्जेता झालेला माणूस ग्रेनाडाचा. जायफळासाठी ओळखलं जाणारं हे बेट-राष्ट्र, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साडेचौदा लाखांच्या वर होती. केनियाचा ज्युलियस येगो व्हिडिओ पाहून शिकला आणि २०१५ ला ९२.७२ फेकून जगज्जेता झाला.

अडचण जागेची आहे. भाल्याला शंभरेक मीटर मोकळी जमीन लागते आणि त्या वेळात तिथं दुसरं कुणी असून चालत नाही. आपल्या गावच्या मैदानात संध्याकाळी बावीस पोरं चेंडूमागं असतात, कडेला आजोबा फेऱ्या मारतात, मधेच कुणाची तरी गाय. भाला काढला की मुख्याध्यापकांच्या छातीत धडधड सुरू. जून ते सप्टेंबर धावपट्टीवर शेवाळ. रोवायचा पाय शेवाळावर रोवला तर काय होईल ते सांगायला नको.

तरी भाच्यानं ऐकलं नाही. गेल्या महिन्यात रविवारी सकाळी सहाला, मैदान रिकामं असताना, जुना बांबूचा भाला घेऊन आम्ही दोघं गेलो. रात्री सर येऊन गेलेली, माती ओलसर. त्यानं जीव खाऊन फेकला. भाला उंच गेला, डुगडुगला आणि सपाट पडला. तो धावत भाल्याकडे निघाला.

“इकडे ये आधी,” मी म्हटलं. “भाला राहू दे तिथं.”

ओल्या मातीत त्याच्या डाव्या पायाची खूण होती, वीतभर लांब घसरलेली, बोटांकडे खोल आणि टाचेकडे काहीच नाही. मी काडीनं ती दाखवली. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

पुढच्या नऊ फेकींत भाला कुठं पडला हे त्यानं एकदाही विचारलं नाही. प्रत्येक फेकीनंतर खाली वाकायचा आणि मातीत बोट घालून टाचेचा खड्डा मोजायचा. दहाव्या वेळी बोटाचं एक पेर आत गेलं.

“मामा, टेप आण.”


टेप स्कूटरच्या डिकीत होती. ती घेऊन येईपर्यंत फुटबॉलची पोरं आली होती.